खालची पट्टी

पट्टी या वेळी कॉम्प्युटरच्या पडद्याच्या डाव्या कडेला जाऊन बसली होती. तीही उंबरठ्याएवढी जाड. घड्याळ कुठल्या कुठे गेलं होतं आणि आयकॉन एकमेकांच्या डोक्यावर चढले होते.

"मी काही केलं नाही हं," आई मागून म्हणाली. "माऊस जरा घसरला असेल."

त्याने खुर्ची ओढून माऊस हातात घेतला. दर रविवारी हेच. तो यायचा, कॉम्प्युटरची खालची पट्टी आईला नीट दिसेल इतकी मोठी, पण निम्मा पडदा खाणार नाही इतकी लहान करून द्यायचा आणि आठवडाभरात तिचे पुन्हा तीन तेरा वाजलेले असायचे. गेल्या रविवारी तर एक टोक ओढलं की दुसरं पळत होतं. अख्खी दुपार त्यात गेली. तो रडकुंडीला आला आणि आईवर खेकसला. मग त्याचं त्यालाच वाईट वाटत राहिलं.

मुळात तोच दमला होता. ऑफिस बंद पडून नोकरी गेली होती. मुलाखतींना जावं, तर समोरची कोवळी पोरं "कळवतो" म्हणायची आणि कुणी कळवायचं नाही. बायकोला सगळं ठाऊक होतं, पण आईला सांगायला जीभ रेटत नव्हती. छापखान्यात आयुष्यभर अक्षरं जुळवून, पुस्तकांची पानं लावून तिने त्याला शिकवलं होतं. कुठल्या तोंडाने सांगणार? बरं, हल्ली ती ऑफिसचं काही विचारतही नसे. तेवढंच सुटलो, असं त्याला वाटायचं.

आज मात्र पट्टी मुकाट ऐकत गेली. त्याने ती खाली ओढली, जाडी कमी केली, आयकॉन सुटे केले. घड्याळही गुमान आपल्या कोपऱ्यात परतलं. चहा निवायच्या आत काम झालं. कित्येक दिवसांत त्याच्या हातून इतकं सरळ काही पार पडलं नव्हतं.

"इतकं बिघडवायलाही डोकं लागतं गं आई," तो हसून म्हणाला.

"माझं मेलीचं कसलं डोकं! तू नसतास तर मी काय केलं असतं?"

जिना उतरताना त्याला बरं वाटत होतं. उद्या त्या गोदामाच्या ऑफिसात जागा आहे का विचारून यावं, असंही मनात आलं. स्कूटरपाशी पोचल्यावर लक्षात आलं, हेल्मेट वरच राहिलं.

दार नुसतं लोटलेलं होतं. आई त्याच्याकडे पाठ करून कॉम्प्युटरसमोर बसली होती. फोन मान वाकडी करून खांद्यावर धरलेला, दोन्ही हात कीबोर्डवर. माऊसला तिने हातही लावला नाही. बघता बघता पट्टी बोटाएवढी बारीक झाली, आयकॉन एका ओळीत बसले आणि वर कुठल्याशा पुस्तकाची अर्धवट लावलेली पानं उघडली.

"नाही गं, अजून काही बोलला नाही," ती फोनवर मावशीला सांगत होती. "गेल्या खेपेला मी फारच अवघड करून ठेवलं, बिचारा रडकुंडीला आला. म्हणून आज सोपं ठेवलं. नोकरी लागेपर्यंत हे एक काम तरी त्याच्या हातून पुरं होऊ दे."