खाचरातली माती
"खाडीवरचा फुटलेला बांध बांधून देऊ, पण शेतं पुन्हा पिकतील का, ते दिवाळीपर्यंत कळवा," असं मुंबईच्या धर्मादाय संस्थेचं पत्र उन्हाळ्यात आलं होतं. मी उत्तरच दिलं नाही. भरतीच्या पाण्याने खारवलेल्या जमिनीबद्दल माझ्यासारख्या पुस्तकी मास्तराने काय सांगावं? माझा शब्द खोटा ठरला तर? दिवाळी पंधरा दिवसांवर आली आणि गावातल्या शेतकरीण धर्मीबाई ओरडतच अंगणात शिरल्या. गावच्या बायकांनी मिळून बांध घातलेल्या, पावसाने धुतलेल्या एका खारवलेल्या भातखाचरातली माती त्यांनी माझ्या हातावर ठेवली. "चाखा, गुरुजी!" मी चाखली. "नुसती मातीच लागते." "मंग? मीठ लागतंय का?" लागत नव्हतं! "येवढी पुस्तकं वाचलीव, आनी इतकं कलत न्हाय? लिवा आता!" मी लिहिलं, "पिकतील." माझा आवडता 'कदाचित' एकदाही न वापरता पाकीट चिकटवलं, अनवाणी धावलो आणि पत्र पेटीत टाकलं.