रांगेतला पाचवा डबा

चहाचे दोन कप घेऊन ती शेडच्या दारात आली आणि तिथंच थबकली. सकाळी तिने पाणी भरून ठेवलेले डबे चार होते. भिंतीकडेच्या रांगेत तीन उभे होते, चौथा भोकाला डाख लावून बाहेर वाळत होता, आणि नवऱ्याच्या पुढ्यात एक निळा डबा होता. त्या डब्याला तिने हातही लावला नव्हता.

नवरा पत्र्याच्या कामाचा कारागीर. पेट्रोलचे, रॉकेलचे गळके डबे लोक त्याच्याकडे घेऊन येत. रिकामा डबा भरलेल्यापेक्षा वाईट, हे तो येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवायचा. आत वाफ कोंडलेली असते, ज्योत लागली की डबा फुटलाच म्हणून समजा. त्यामुळे इथं आलेला डबा आधी रिकामा करून धुवायचा, मग त्यात भोकाच्या जरा खालपर्यंत पाणी भरायचं आणि रांगेत लावायचा. धुणं-भरणं बायकोचं, डाख नवऱ्याचा. त्याने नुसता उचलून बघायचा. जड लागला की बायकोचा हात फिरलाय. पंधरा वर्षांत दोघांना एकमेकांना विचारायची वेळ आली नव्हती.

"अहो!" ती ओरडली.

बायकोची पहिली हाक ऐकू न येण्याची त्याला जुनी सवय होती. एका हातात गॅसची बत्ती धरून तो दुसऱ्या हाताने फळीवर लायटर चाचपत होता. डब्याखाली ओल होती, पण गळक्या डब्याखाली ओल असायचीच. वासाचं म्हणाल, तर त्या शेडच्या भिंतींत पेट्रोल इतकं मुरलं होतं, की त्याचं नाक आता फक्त चष्मा टेकवायच्या कामाचं उरलं होतं.

लायटर सापडला. तिने कप टाकले, दोन ढांगांत जाऊन त्याचं मनगट धरलं आणि पायाजवळच्या सिलिंडरची चावी फिरवून बंद केली.

"वेड लागलं का तुला? भाजलं असतं ना!"

"यात काय आहे?"

"काय असणार? पाणी."

"मी नाही भरलं."

 मग लायटर तिच्या हातात देऊन त्याने डब्याचं झाकण काढलं आणि बोट आत बुडवलं. बोट गार पडलं आणि बघता बघता कोरडं झालं. पेट्रोल. त्याने झाकण घट्ट लावलं.   फुटलेल्या कपांकडे बघून तिला उगाचच रडू आलं.

"हलका लागला मला," तो म्हणाला. "मला वाटलं, आज कमी भरलंस. जेवताना तुलाच बोलणार होतो."

दोघांनी मिळून तो डबा उचलला आणि बाहेर मोकळ्या जागेत नेऊन एका घमेल्यात ठेवला. तेवढ्यात रस्त्यापलीकडून एक माणूस हसत हसत आला. इस्त्रीचे कपडे, बोटात नव्या गाडीची किल्ली.

"झाला का दादा माझा? मघाशी हाका मारल्या, कोणी दिसेना. म्हटलं, सगळ्यांचे रांगेत आहेत, आपलाही लावू. लोकांसारखं मध्ये घुसायची आपल्याला सवय नाही."

"भरलेला?" कारागिराने विचारलं.

"मुद्दाम भरून आणला. रिकाम्या डब्याचं भोक सापडत नाही, तुम्हाला शोधत बसावं लागलं असतं. हा कसा टपटप गळतो, बघता क्षणी कळतं."

 काळ येऊन उंबऱ्यावरून परत गेला होता, आणि तो असा सरळमार्गी, मदतीला तत्पर असेल असं कारागिराला कधी वाटलं नव्हतं. बायकोला मात्र वेगळंच सुचलं.

"गळत होता, तर आणलात कसा?"

"गाडीतनं. कालच घेतलीय वहिनी. सीटवर डाग नको, म्हणून आईच्या मांडीवर दिला."

"आई कुठायत?"

"गाडीत बसलीय. तिला वारा सोसत नाही, काचा लावून घेतल्यात. चला, मीच आता गाडी अलीकडे घेतो."

"गाडी चालू करू नका!" ती इतक्या जोरात ओरडली, की कारागिराने पुढे होऊन त्या माणसाचा दंडच पकडला.

ती रस्ता ओलांडून धावली. गाडीचं दार उघडलं, तसा आतला वास अंगावर आला आणि तिचे डोळे झोंबले. मागच्या सीटवर एक म्हातारी ताठ बसली होती. कमरेपासून गुडघ्यांपर्यंत कपडे ओलेगच्च, अंगाला चिकटलेले. सीट कोरडी होती. स्वतःची शाल घडी करून तिने खाली घेतली होती.

"आजी, उतरा. आधी बाहेर या." तिने म्हातारीचा हात ओढला.

"हळू गं पोरी, दाराला लागेल." म्हातारीने ओले कपडे दोन्ही हातांनी गोळा करून पोटाशी धरले आणि सीटला कुठं स्पर्श होऊ न देता जपून खाली उतरली. उभी राहिली तेव्हा तिच्या चेहऱ्यावर कौतुक होतं. "एक थेंब सांडू दिला नाही बघ गाडीत. सगळं अंगावर घेतलं."

मग रस्त्यापलीकडे उभ्या असलेल्या लेकाकडे बघत तिने आवाज खाली आणला.

"कातडं सोलल्यासारखं चुरचुरतंय गं. पण त्याला सांगू नकोस. नवी गाडी आहे त्याची, आज खुशीत आहे."