पूर्वेचा वारा

चौधरी रिसाल सिंहांनी धाकट्या भावाचं, सतबीरचं, हुक्का-पाणी बंद केलं, म्हणजे सगळे संबंधच तोडले, त्याला अकरा वर्षं झाली. भांडण एका मुऱ्हा म्हशीवरून झालं होतं. म्हैस कधीच मेली, अबोला तेवढा जिवंत होता. सतबीर तिकडे पूर्वेला पिलीभीतला भात पिकवत होता, आणि चौधरी इकडे कैथलच्या चौपालीवर, गावच्या पारावर, सांगत होते, "मरेन, पण त्याच्या पाण्याचा एक घोट घेणार नाही."

दिल्लीत पावसाचे अंदाज बांधणारी नात, रेणू, सुट्टीवर आली होती. बाहेर पाऊस कोसळत होता, खाचरं भरत होती आणि चौधरी खुशीत होते.

"पोरी, यंदा तुमच्या कॉम्प्युटरचा अंदाज बरोबर कसा काय आला?"

"दादाजी, आधी आम्ही त्यात भातखाचरांचं पाणी धरतच नव्हतो. त्याची वाफ होते, ढग होतो आणि वारा नेईल तिथे ते पुन्हा पडतं. यंदा ते धरलं, आणि गणित जुळलं."

"मग आपल्याकडे पडतोय तो कुणाच्या खाचरांतला?"

रेणूने लस्सीचा पेला खाली ठेवला.

"सगळा नाही, थोडासाच. पण वारा पूर्वेचा आहे, दादाजी. वाटेत पिलीभीत लागतं."

चौधरींनी पागोळ्यांकडे बघितलं. मग त्यांनी हुक्का भरला, आणि अकरा वर्षांनी भावाला फोन लावला.



"सतबीर, पाणी पोचलं तुझं. आता हुक्काच राहिलाय, तो येऊन ओढून जा."