न दिलेला नकार

तंजावूरच्या आमच्या मंडळाचे निवेदन सांगते की, मुलांच्या मराठी वर्गाचा ठराव अध्यक्षांनी नाकारलेला नाही. शब्दशः खरे. नाकारला असता, तर मंडळाच्या घटनेप्रमाणे कारण द्यावे लागले असते आणि सभेने ठराव पुन्हा मंजूर करताच सही बंधनकारक झाली असती. म्हणून दोन वर्षे ठरावाचा देवनागरीतला कागद सहीविना त्यांच्या खणात आहे आणि वर्गासाठी आणलेला फळा भिंतीकडे तोंड करून उभा. आज मंडळाच्या सभासद कनकलताअक्का अध्यक्षांसमोर बसल्या. “अण्णा, नातीला माझं सगळं समजतं, पण उत्तर तमिळमधून देते. एकदा तिच्या तोंडून मराठी ऐकायचं आहे. नको असेल तर ‘नाही’ लिहा, भांडता तरी येईल.” अध्यक्षांनी कागद काढला, त्यावर हात फिरवला. “अक्का, मला ही अक्षरं वाचता येत नाहीत. वर्ग उघडला, तर पहिल्या बाकावर मलाच बसावंसं वाटेल. अध्यक्ष कसा बसेल?”