एकोणचाळिसावा निबंध

नुरझादा आणि तिचे तीन सोबती हिमनदीवर बेपत्ता होऊन सहा दिवस झाले होते. तिची आई सायरागुल माझ्या टेबलाशी बसून होती. हाताला काम हवं म्हणून मी आमच्या संस्थेच्या शोधनिबंधांची तिमाही यादी करायला घेतली आणि डेटाबेसमध्ये संस्थेचं नाव टाकलं.

एकोणचाळीस निबंध निघाले. काल अडतीस होते.

नवा निबंध उघडला. वर त्या चौघांची नावं होती. बर्फाची मोजणी याच वर्षी, एकोणीस ऑगस्टला केलेली.

आज तीन जुलै होती.

“चूक असेल, अगाय,” सायरागुल पुटपुटली. शिक्षकाला आम्ही अगाय म्हणतो.

“तारीख चुकेल, पोरी. पण ही तळटीप बघ : ‘वाऱ्याने तंबू उडाला, सूप सांडले.’ तुझ्या लेकीशिवाय असलं कोण लिहितं?”

ती रडता रडता हसली. “तुम्हीच शिकवलंत तिला!”

पोरं जिवंत होती. माझ्या छातीवरचा दगड उतरला.

मग पाचवं नाव दिसलं. माझं. आमच्याकडे वारलेल्या लेखकाचं नाव काळ्या चौकटीत छापतात, तसं छापलेलं.

सायरागुल डोळे पुसत होती. मी हलकेच पडद्यावरचं पान बंद केलं.

“बोर्सोक तळायला घे,” मी म्हणालो. “पोरं उपाशी येतील.”