इस्तंबूलला खाटीक हवा

काझी आज यंदाचा खाटीक ठरवणार म्हणून द्रागोयनं आपला चांगला कोट बोकडाला घातला आणि बोकडाखालची घोंगडी स्वतः पांघरली.

इस्तंबूलला मटण लागतं. ते पुरवायला सरकारी माणसं गावोगावचे श्रीमंत धरून नेतात आणि तिथं खाटीक म्हणून बसवतात. मेंढ्या मिळेल त्या भावानं घ्यायच्या, मटण सरकारी भावानं विकायचं. तोटा आपला. गेल्या साली गावातल्या इव्कोला नेलं. वर्षात तो अनवाणी परत आला. आता द्रागोयच्याच गोठ्यात झोपतो.

द्रागोयनं धडा घेतला: श्रीमंत दिसायचंच नाही. चार महिन्यांत तीनशे मेंढ्या निम्म्या भावात फुंकल्या. खिडक्यांच्या झडपा जाळल्या. लेकीचं, राडाचं, ठरलेलं लग्न मोडलं.

"अहो, तेवढं तरी राहू द्यायचं," बायको नेदा म्हणाली.

"लग्न म्हणजे जेवणावळ. काझी काय आंधळा आहे?"

"नाही ना. मग पोट आत घ्या."

काझीच्या ओसरीवर गावातले सगळे श्रीमंत फाटक्यात बसले होते. एकानं तर कुबड्या आणल्या होत्या. पण लंगडायचं विसरून, त्या काखेत मारून तो तरातरा आत गेला. थोड्या वेळानं हसत बाहेर आला.

"सुटलो! चल, येतो."

मग द्रागोयला बोलावलं.

"तुमचा इव्को," काझी कंटाळून म्हणाला, "रोज राजवाड्यापुढं बोंबलायचा. बोलणी मला बसली. बरं, तुझ्या मेंढ्या कुठायत?"

"विकल्या, काझीसाहेब."

"घेतल्या त्याहून स्वस्त?"

"निम्म्यानं."

"रोग होता?"

"नाही जी. नशीब."

"तक्रार केलीस कुणाकडे?"

"कुणाकडे करणार, साहेब? बुडालो तो बुडालो. गप्प घरी बसलो."

द्रागोयनं डोळ्यांत पाणी आणलं. फार कष्ट पडले नाहीत. राडा महिनाभर त्याच्याशी बोलली नव्हती.

काझीनं घोंगडी पाहिली, खपाटीला गेलेलं पोट पाहिलं. त्याचा चेहरा हळूहळू निवळला. उठून त्यानं द्रागोयच्या खांद्यावर हात ठेवला. द्रागोयनं पोट सैल सोडलं.

"महागात घेतो, स्वस्तात विकतो, आणि वर तोंडही उघडत नाही," काझी कारकुनाला म्हणाला. "लिही याचं नाव. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच हे काम येणारा माणूस मिळाला."