नवीन काही नाही

"आला का छापून?" पाणीपुरवठ्याच्या साहेबांनी खुर्चीतून अर्धवट उठत विचारलं.

जर्नलकडून सकाळी आलेल्या मेलचा कागद संशोधक मॅडमनी टेबलावर ठेवला. साहेबांनी चष्मा लावला आणि ओठ हलवत वाचायला घेतलं.

मॅडमच्या शोधनिबंधात सांगितलेलं साधंच होतं. वस्तीच्या विहिरीत नायट्रेट मर्यादेच्या कितीतरी वर गेलं आहे, वरच्या शेतांतलं खत वर्षानुवर्षं झिरपून तिथे उतरलं आहे, आणि त्या पाण्यात कालवलेल्या पावडरच्या दुधावर वाढणारी तान्ही मुलं निळी पडू शकतात. विहीर बंद करून टँकर पाठवायचा तर साहेबांची सही हवी, आणि सहीसाठी साहेबांना छापील निबंध हवा. मागे एकदा कुणाच्या तरी न छापलेल्या अहवालावर त्यांनी एक विहीर बंद केली होती आणि त्यापायी कोर्टाच्या पायऱ्या झिजवल्या होत्या. तेव्हापासून ते ताकही फुंकून पीत.

"'हा धोका कित्येक दशकांपासून सर्वज्ञात आहे. निबंधात नवीन काही नाही.'" साहेबांनी मान वर केली. "म्हणजे खोटं आहे, असं नाही म्हणत ते."

"नाही. खरंच आहे म्हणतात."

"इतकं खरं, की छापण्यासारखं उरलं नाही!"

साहेब हसायला गेले, पण ते काही जमलं नाही. माणूस वाईट नव्हता. वाईट असता तर बरं झालं असतं, निदान भांडता तरी आलं असतं.

"मग हाच कागद धरा ना पुरावा," मॅडम म्हणाल्या. "सर्वज्ञात आहे, असं त्यांनीच लिहून दिलंय."

"धोका सर्वज्ञात आहे, मॅडम. आपली विहीर नाही. विहिरीचं नाव कुठंय यात?"

"विहिरीचं नाव पुढे केलं की म्हणतात, विषय फार स्थानिक आहे."

"आली का पंचाईत. इकडे आड, तिकडे विहीर."

"विहीर तरी धड असती, तर उडी मारली असती," मॅडम म्हणाल्या.

मॅडमना त्यांच्या विद्यापीठातल्या विभागप्रमुखांनी सकाळीच पडद्यावर आलेख दाखवला होता. पाण्यावरच्या निबंधांत कुठला विषय चढतो आहे आणि कुठला उतरतो आहे, याचा. नायट्रेटची रेघ उतरणीला लागली होती. प्लास्टिकच्या कणांची नुसती उधळली होती. 'त्या विहिरीत प्लास्टिक सापडतंय का बघा,' असं ते अगदी आपुलकीनं म्हणाले होते, 'मोठ्या इम्पॅक्टचं जर्नल डोळे झाकून घेईल.' मॅडमनी हे सांगितलं, तेव्हा साहेबांना जरा धीर आला.

"मग? सापडलं का प्लास्टिक?"

"नाही ना. तेवढं एकच नाहीये त्या विहिरीत."

साहेबांनी कागदाची घडी घातली, पुन्हा उलगडली.

"दुसऱ्या जर्नलला पाठवलं तर?"

"आठेक महिने जातील."

"आणि बाळांना धोका कधीपर्यंत असतो म्हणालात?"

"सहा महिन्यांची होईपर्यंत सगळ्यात जास्त."

साहेबांनी मनाशी हिशेब सुरू केला आणि मध्येच सोडून दिला.

"एक बाळ बाहेर बाकावर आहे," मॅडम म्हणाल्या. "वस्तीतल्या इस्त्रीवालीचं. दोनदा दवाखान्यात नेऊन आणलंय. डॉक्टर सांगतात, पाणी बदला. नुसते ओठ बघा त्याचे. एकदाच."

"नको," साहेब घाईघाईनं म्हणाले. "बघितलं तर मला जेवण जाणार नाही. आणि सही तरीही करता येणार नाही."

मॅडम बाहेर आल्या. आपण भिंतीवर डोकं आपटून घेतलं तर आवाज तरी होईल, असं त्यांना वाटून गेलं. इस्त्रीवाली बाळाला खांद्यावर घेऊन उठून उभी राहिली.

"झालं का हो काम?"

"नाही अजून."

"होईल. तुम्ही बसा बघू आधी. चेहरा किती उतरलाय तुमचा!"

मॅडम बसल्या. त्यांनी बाळाचे ओठ पाहिले. काल होते तसेच होते, जांभळट. खरं तर आतापर्यंत फरक पडायला हवा होता. मॅडमच्या घरी धरणाचं पाणी येई, आणि गेल्या आठवड्यापासून त्या रोज एक कॅन भरून स्कूटरवरून हिच्या दारात ठेवून जात होत्या.

"माझंच पाणी घालता ना दुधात?"

"घालते की." इस्त्रीवाली जरा अडखळली. "रागावू नका हं. निम्मा कॅन पलीकडचीला देते. तिचं बाळही बाटलीवरच आहे. आपल्याच लेकराला तेवढं पाजायचं आणि तिच्याकडे पाठ फिरवायची, बरं दिसतं का ते?"

"मग तुमचं कसं पुरतं?"

"विहिरीचं मिसळते थोडं. पण तसंच नाही, उकळून!"

उकळून नायट्रेट जात नाही. पाणी आटतं, नायट्रेट तेवढंच राहतं, म्हणजे उलट घट्ट होतं. मॅडमना हे इतकं पाठ होतं, की कुणाला सांगायला हवं असं त्यांच्या कधी मनातच आलं नव्हतं.

"साधंसुधं नाही उकळत," त्यांचा चेहरा पाहून इस्त्रीवाली समजावू लागली. "पार निम्मं होईपर्यंत उकळते. गॅस जातो तो जाऊ दे. बाळाच्या बाबतीत मी कसूर करत नाही, मॅडम."